अकरा बरण्या दुपार

ज्या वर्षी दारच्या आंब्याला एकही कैरी धरली नाही, त्या वर्षी सुलभा पाध्येनं दुपारचं लोणचं घातलं.

तिच्या मनात आधीपासून तसं काही होतं असं नाही, खोटं कशाला सांगू. एप्रिल अर्धा सरला होता. बरण्या धुऊन, वाळवून, हिंगाची धुरी देऊन तयार होत्या, आणि बरणी रिकामी ठेवायची नाही हा तिच्या माहेरचा दंडक. ती ओटीवर विळी मांडून नुसतीच बसली होती. तीन वाजले होते. ऊन जाळीतून आत येऊन तिसऱ्या फरशीपर्यंत पोचलं होतं. सुलभानं सहज उलथन्याची कड त्याच्याखाली सारली, तर ते आंबोळीसारखं अलगद सुटून आलं. बाई पडली सुगरण! तिनं ते उचललं, विळीवर धरलं आणि बेताच्या फोडी केल्या.

समोर सिमेंटच्या बाकावर तिचे यजमान बशीतून चहा पीत बसले होते. रमाकांत पाध्ये, हायस्कुलात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. सगळं देवरुख त्यांना मास्तरच म्हणायचं.

"कोवळं आहे का गं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. चांगलं करकरीत आहे."

"मग टिकेल."

उन्हाबरोबर उन्हात होतं ते सगळंच आलं. वळणावर हॉर्न देणारी तीन-चाळीसची एसटी आली. पोफळीत घुमणारा भारद्वाज आला. दोरीवरच्या पातळातून टपटपणारं पाणी आलं, आणि मास्तरांचं शब्दकोडं, "आडवे सात, चार अक्षरी, शेवटी र," तेही आलं. सुलभानं सगळ्याला मीठ चोळलं, मोहरीची डाळ लावली, गार केलेली फोडणी वरून ओतली आणि बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा घट्ट बांधला. गाठ मारून वर बघते तो पावणेपाच वाजलेले. चहाचे कप कोरडे ठणठणीत. मधले पावणेदोन तास त्या घरात झालेच नव्हते.

मास्तरांनी चिठ्ठी लिहून दिली. अक्षर काय सुंदर त्यांचं! 'दुपार, १६ एप्रिल.' ती खळीनं बरणीवर चिकटवली आणि बरणी माळ्यावर गेली.

"कौस्तुभ आला की काढू," सुलभा म्हणाली.

कौस्तुभ म्हणजे त्यांचा एकुलता एक. कॅनडात असतो. आणि सुलभाचं म्हणाल तर तिचं सगळं आयुष्यच 'कौस्तुभ आला की' या खुंटीला टांगलेलं. चिनी मातीचे बारा कप शोकेसमध्ये, कौस्तुभ आला की. नव्या पलंगपोसावर चौदा वर्षं घडीच्या रेषा, कौस्तुभ आला की. नवरा-बायको दोघं कान तुटलेल्या कपातून चहा प्यायची आणि शोकेसमधले कप दर शनिवारी पुसले जायचे. पण कप आणि पलंगपोस ठेवणं वेगळं हो. ते काही श्वास घेत नाहीत.

पुढे तिला नादच लागला. शेजारच्या साळवीवहिनींनी विचारलं, "रोजची का नाही घालत?" तर सुलभा हसली. रोजची दुपार घालण्याजोगी नसते. कुणी पाहुणा येऊन गेला, नळाचं पाणी गेलं म्हणून बोलाचाली झाली, पेन्शनच्या कागदासाठी तालुक्याला जावं लागलं, की ती दुपार नासते. ज्या दुपारी काहीच होत नाही तीच टिकते. चहा व्हावा, पेपर व्हावा, एकानं 'हूं' म्हणावं, दुसऱ्यानं तेही म्हणू नये, आणि दोघांनाही उठावंसं वाटू नये. अशी दुपार आली की सुलभाला ती बरोबर ओळखू यायची. छातीत काहीतरी गार पडायचं. आणि तसं गार पडलं रे पडलं की ही बया उलथनं आणायला उठायची.

तिसऱ्या बरणीनंतर तिच्या लक्षात आलं की मास्तर बशीतला चहा आवाज न करता पितात. आयुष्यभर तिनं त्या भुरक्यावरून त्यांना टोकलं होतं. आता भुरका नव्हता. ओठ लागायचे, चहा कमी व्हायचा, आणि मध्ये काही नाही.

"अहो, आवाज कुठाय तुमचा?"

"बरणीत असेल," मास्तर म्हणाले. "पहिल्या की दुसऱ्या, ते नाही सांगता यायचं."

"असू दे. मुरला की चांगलाच लागेल."

पाचव्या बरणीबरोबर त्यांचा खोकला गेला, ते बरंच झालं म्हणा. सहावीबरोबर वजन गेलं. ते बाकावर बसले की बाकावर वाळत घातलेली कुरडई तशीच्या तशी राहायची. आठवी घातल्यावर त्यांच्या सदऱ्यातून मागच्या भिंतीचा चुना दिसायला लागला, पोपडे उडालेत तेसुद्धा मोजता यावेत इतका. सुलभा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, सकाळी ठीक वाटतात, दुपारी आणा. दुपारी ते डॉक्टरांना दिसेचनात. औषध काय देणार?

सुलभाचंही काही ना काही त्या बरण्यांत गेलंच असणार. पण ते बघायला घरात कुणाला सवड होती?

नववीच्या वेळी मास्तर पहिल्यांदा म्हणाले, "सुलभा, एक काढूया का गं?"

"कशाला?"

"चव बघायला."

"अहो, काहीतरीच काय! एकदा दादरा सोडला की पावणेदोन तासांत संपते ती. मग पोराला काय देऊ, रिकामी बरणी?"

"दोघांत अर्धी अर्धी."

"मे महिन्यात येतोय म्हणालाय. इतकी वर्षं थांबलात, आता महिनाभर थांबायला काय झालं?"

मास्तरांनी पुन्हा शब्दकोडं पुढे ओढलं. तो मे आला आणि गेला. कौस्तुभचा फोन आला, आई, रजा नाही मिळाली, दिवाळीला बघतो. दिवाळीला तिकिटं महाग होती. मग पुढचा मे. सुलभाला राग यायचा, पण पोराचा राग पोरावर काढायची रीत त्या घरात नव्हती. तो नवऱ्यावर निघायचा. "तुम्ही नुसते बसून असता," ती म्हणायची. आणि ते खरंच नुसते बसून असायचे. नुसतं बसता येणं ही केवढी मोठी गोष्ट, ती त्या माणसाला येत होती, आणि तिची ही किंमत!

घरात बरण्या अकरा. अकरावी रिकामी होती आणि कौस्तुभनं तिकीट काढलं होतं, या वेळी खरोखरीचं. त्या दिवशी दुपार अशी पडली की काय सांगावं. वारा नाही, माणूस नाही, साळवीवहिनींचा मिक्सरसुद्धा बंद. ऊन तिसऱ्या फरशीवर येऊन थांबलं आणि तिथून हलेना. मास्तर बाकावर होते, म्हणजे त्यांची कड दिसत होती, चष्मा दिसत होता, आणि पेन्सिल.

सुलभाच्या छातीत गार पडलं. ती उठली.

"ही नको," मास्तर म्हणाले.

"अहो, सोन्यासारखी आहे."

"म्हणून तर. ही आपण खाऊ. बस इथे. काही करू नकोस, नुसती बस."

सुलभानं विळी मांडली होती. "शेवटचीच आहे. अकरा होतील."

मास्तर वाकले आणि त्यांनी उन्हाची कड दोन्ही हातांनी धरली. हात कसले, हातांची रेघोटी. नवऱ्यानं असं काही धरून ठेवलेलं तिनं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. लग्नात मागितलेली सायकल मिळाली नाही तेव्हाही हा माणूस हसला होता. सुलभानं त्यांचं एकेक बोट सोडवलं. हळूच सोडवलं, दुखावून नाही. करंगळी सोडवताना तिला वाटलं, राहू दे. तिला वाटलं हे खरं आहे, ते नाकारून कसं चालेल? पण हात मिठाचे झाले होते आणि फोडणी गार होत आली होती. आणि पोराचं तिकीट निघालेलं होतं.

गाठ मारून वर बघितलं तेव्हा पावणेपाच झाले होते आणि बाकावर चष्मा होता. त्या बरणीवर चिठ्ठी लागली नाही. लिहिणार कोण?

सकाळीही मास्तर आले नाहीत. दात घासायचा ब्रश कोरडा, चपला दारात. सुलभानं दोघांचा चहा टाकला आणि एकाचा ओतून दिला. साळवीवहिनींनी कुंपणावरून विचारलं, "मास्तर दिसत नाहीत कुठे?" तर ती म्हणाली, "मुरतायत." वहिनी म्हणाल्या, "हो का," आणि पातेलं घेऊन आत गेल्या.

बारा दिवसांनी कौस्तुभ आला. चार दिवसांसाठी. पाया पडला, घरभर फिरला आणि विचारलं, "बाबा कुठायत?"

"माळ्यावर. बरणीत."

"सगळे?"

"सगळे. तुझ्यासाठीच ठेवलेत."

त्यानं मान वर करून माळ्याकडे पाहिलं. "मला सांगायचंस ना आई फोनवर."

"फोनवर काय सांगायचं? तू येणारच होतास."

पहिल्याच दुपारी तिनं शिडी लावली आणि १६ एप्रिल खाली काढली. ओटीवर बरणी ठेवली, दादरा सोडला आणि स्वतः घाईनं स्वयंपाकघरात पळाली, कारण घावनं तव्यावर होती आणि पोराला गरम खायला आवडतं. शोकेसमधले कप काढले होते. तिला आतून सगळं ऐकू येत होतं. एसटीनं हॉर्न दिला. भारद्वाज घुमला. आणि मग भुरका! तो भुरका ऐकून तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. "आले, आलेच हं," ती ओरडली, आणि घावन उलटून दुसरं घातलं.

ताट घेऊन बाहेर आली तर कौस्तुभ उंबऱ्यात उभा, फोन कानाला. ओटीवर साधी संध्याकाळ झालेली होती. बरणीच्या बुडाशी थोडं तेल.

"काय झालं? बसला नाहीस?"

"ऑफिसचा कॉल होता. त्यांची आता सकाळ ना." त्यानं घावनाचा तुकडा मोडला. "बाबा होते. तूपण होतीस. दोघं नुसते बसला होतात."

"मग?"

"बाबांनी वर बघून विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, एक मिनिट. कॉलवर होतो ना." तो चावत राहिला. "आई, राग मानू नकोस, पण त्यात काही होतच नाहीये."

"नाहीच होत," सुलभा म्हणाली.

आता कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती. पण आग्रह करकरून वाढायचा आणि माणूस नको नको म्हणत असताना पानात टाकायचं, हे हिच्या रक्तात. कौस्तुभ दमला होता, त्याचं झोपेचं गणित उलटं झालं होतं. भर दुपारी तो ढाराढूर झोपायचा. सुलभा त्याच्या उशाशी बरण्यांतल्या दुपारी सोडायची. उठला की एखादा घास तरी लागेल तोंडाला म्हणून एक सोडली, मग दुसरी. कधी एकीवर एक दोन सोडल्या, दोन भारद्वाज एकदम घुमले, दोन मास्तर बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसून दोन कोडी सोडवत राहिले, आणि सुलभा आत पोळ्या लाटत होती, नाहीतर लाडू वळत होती, नाहीतर पोराची बॅग भरत होती. चार दिवसांत दहा दुपारी गेल्या. एकीतही ती बाकापर्यंत पोचली नाही. पोचेन, अजून आहेत की, असं तिला वाटायचं.

जाताना ती म्हणाली, "एक राहिलीय. घेऊन जा."

"नको आई. तेल सांडतं. शिवाय घरगुती काही आत नेऊ देत नाहीत ते."

"चिठ्ठी नाही तिच्यावर. कुणाला कळणार नाही."

"नको गं. तू खा." त्यानं तिला जवळ घेतलं. पोरगा वाईट नाही हो. वाईट असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली आणि सुलभा घरात आली. तिनं बारा कप धुतले, पुसले आणि शोकेसमध्ये ठेवले. मग उभी राहिली आणि रडली. ज्याच्यासाठी ठेवलं त्याला ते नको होतं, आणि ज्याला हवं होतं त्याची बोटं तिनं स्वतः सोडवली होती. हे तिला आता कळलं असं नाही. करंगळीच्या वेळीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गॅस बंद केला. फोन उशीखाली कोंबला. दाराला आतून कडी घातली. अंघोळ करून, केस नीट विंचरून, अकरावी बरणी ओटीवर आणली. दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. ती म्हणाली, "आज मी बसणार आहे. छप्पर कोसळलं तरी उठायची नाही." कुणाला म्हणाली कोण जाणे. मग दादरा सोडला.

ऊन आधी आलं. जाळीतून वाहत तिसऱ्या फरशीवर येऊन थांबलं. मग गप्पपणा आला, मिक्सरही नसलेला. मग चष्मा, पेन्सिल, आणि हळूहळू त्या दोहोंच्या मध्ये मास्तर. बारीक रेघेएवढेच, पण होते. सुलभाच्या छातीत गार पडलं. ती बाकाकडे निघाली.

बाकाजवळ आधीच बरणीतली सुलभा उभी होती. त्या दिवशीचं हिरवं पातळ, पदर खोचलेला. तिनं विळी मांडली होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "कोण हो तुम्ही? कडी लावलेली असून आत कशा आलात?"

"मी..." सुलभा म्हणाली.

"काही विकायला आला असाल तर आम्हाला काही नको. दुपारची वेळ आहे."

"अगं, असू दे की," मास्तर म्हणाले. "या, बसा. चहा घ्याल?" तिच्याकडे बघत होते ते, चष्म्यातून, परक्या बाईकडे बघावं तितक्याच अदबीनं. नव्या पाहुणीशी ते असंच बोलायचे. सुलभानं पदर सावरला. ती बसायला पुढे झाली, तर तिचं पाऊल उन्हावर पडलं.

"पाय काढा आधी!" पातळवाली ओरडली. "मुलासाठी ठेवलंय ते. येतोय माझा मुलगा."

"तो यायचा नाही," सुलभा म्हणाली. "म्हणजे येईल, पण..."

"आमच्या घरातलं तुम्हाला काय ठाऊक? बाहेरच्यांनी मध्ये बोलू नये." तिनं उलथनं उचललं. हात मिठानं पांढरे झालेले होते. ती कशी आहे हे सुलभापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? ती ऐकणारी बाई नव्हती.

मास्तरांनी वाकून उन्हाची कड दोन्ही हातांनी धरली. मग मान वर करून त्यांनी या परक्या बाईकडे पाहिलं.

"तुम्ही तरी सांगा हो हिला," ते म्हणाले.

सुलभानं तोंड उघडलं. पातळवालीनं हात लांब केला आणि त्यांचं पहिलं बोट सोडवलं. मास्तर धरलेली कड न सोडता बाकावर जरासे सरकले आणि त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.